पाच चिंचोके, पंधरा रेघा

चारूताईची शिकवण्याची एक रीत होती. सूत्र शेवटी सांगायचं. आधी वस्तू हातात घ्यायच्या, जमिनीवर मांडायच्या, जीव कंटाळेपर्यंत मोजायच्या आणि शिकणारा अगदी रडकुंडीला आला की मग म्हणायचं, "आता याला एक सोपी वाट आहे." रडकुंडीला येऊन मिळालेलं सूत्र माणूस विसरत नाही, असं तिचं म्हणणं. पुढं मी जन्मभर मुलींना बीजगणित शिकवलं ते याच रीतीनं. गणितावर माझा विश्वास आहे, आणि भुताखेतांवर तेव्हाही नव्हता. म्हणून जे झालं ते जसं झालं तसंच सांगते.

साल अठ्ठेचाळीस. आम्ही नळदुर्गात राहायचो. पुढं माझ्या वडिलांचं, अप्पांचं, भुसार दुकान, त्यामागं खांबांचा सोपा, मग फरसबंद अंगण आणि वर माळवद. माळवदावर उभं राहिलं की किल्ल्याची काळी भिंत दिसायची आणि बोरी नदीला पाणी असलं तर त्याचा आवाज घरभर यायचा. सोलापूर तसं जवळ, पण मधे नाका होता. नाक्यापलीकडं स्वराज्य आलं होतं. अलीकडं अजून निजामाचं राज्य होतं, आणि आमच्याकडची माणसं हलक्या आवाजात बोलायला लागली होती.

मुलींची शाळा चौथीला संपायची. चारूताई, म्हणजे चारुशीला, राघवेंद्र मास्तरांची लेक. पुण्याला शिकलेली, वडिलांच्या दुखण्यासाठी म्हणून आली आणि नाका बंद झाल्यानं इथंच अडकली. तिनं एके दिवशी दुकानात येऊन अप्पांना सरळ सांगितलं, "शांताला मी मॅट्रिकला बसवणार. सोलापूरला." अप्पा वीरप्पा, गावातले मानी आडते, त्यांनी हातातला तराजू खाली ठेवला. शेजारच्या दुकानातले महांतप्पा हसले. म्हणाले, "वीरप्पा, पोरीला हिशेब आला तर बरंच हाय. पर ह्ये अक्षरांचं हिशेब कशापायी?"

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या दुकानाच्या फळीवर खडूनं एक समीकरण लिहून ठेवलं आणि खाली लिहिलं, 'सोडवून दाखवा.' महांतप्पांनी ते पुसलं नाही, सोडवलंही नाही. अप्पांनी मला रागावून घरात बोलावलं आणि दार लावून घेतल्यावर खूप हसले. माझी शिकवणी सुरू झाली.

तेव्हा घरात आम्ही सहा माणसं. अप्पा, आमची अव्वा, म्हणजे आई, पार्वतम्मा, अप्पांची विधवा बहीण इरम्माआत्या, मी, माझा थोरला भाऊ गुरुलिंग, त्याला मी अण्णा म्हणायची, आणि त्याची बायको नीलम्मा. नीलम्मावैनी माझ्याच वयाची. लग्नाला वर्ष झालं नव्हतं.

संक्रांत झाली आणि अण्णा सरहद्दीपलीकडच्या छावणीत निघून गेला. निजामाविरुद्ध लढणाऱ्या पोरांच्या तिकडं छावण्या होत्या, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी बोलत नव्हतं. जाताना त्यानं वैनीला सांगितलं, अप्पांना सांगितलं नाही. अप्पांना सकाळी कळलं. ते देवघरात जाऊन बराच वेळ बसले, आणि बाहेर आल्यावर एवढंच बोलले, "कुणी इचारलं तर ताप हाय. आत निजलाय."

ज्याच्या घरचा माणूस छावणीत गेला, त्याचं दुकान मोहोरबंद व्हायचं आणि बापाला उस्मानाबादच्या तुरुंगात न्यायचे. त्यामुळं ताप बरेच दिवस चालला.

त्याच सुमारास आमचं ते प्रकरण सुरू झालं. पुस्तकात त्याला भारदस्त नाव होतं. आम्ही त्याला निवडीची उदाहरणं म्हणायचो. इतक्यांतून इतके निवडायचे, तर किती प्रकारे? मला ती काही केल्या जमेनात. एकच जोडी दोनदा मोजायची, नाहीतर एखादी सुटायची. ताईनं दिलेला घरचा अभ्यास माझा चुकला, पुन्हा केला, पुन्हा चुकला आणि मी रागानं पाटी आपटली.

"पाटीनं काय केलंय?" ताई म्हणाली. "चिंचोके आण."

दुपारची वेळ होती. जेवणं होऊन अव्वा आणि आत्या सोप्यात कलंडल्या होत्या. ताईनं अंगणातल्या फरशीवर पाच चिंचोके गोल मांडायला लावले. "घरातली माणसं समज. पाच माणसं. त्यातल्या दोघांची जोडी निवडायची. ज्या दोघांची जोडी, त्या दोन चिंचोक्यांमधे एक रेघ. सगळ्या जोड्या झाल्या की रेघा मोज. रेघ दोनदा ओढता येत नाही, म्हणून चूकही होत नाही."

मी चिंचोक्यांना नावं दिली. अप्पा, अव्वा, आत्या, वैनी, मी. खडूनं रेघा ओढत गेले. ऊन तापलेलं, फरशी गरम, खडू कुरकुरत होता. संपल्यावर मोजल्या. पंधरा.

"दहा यायला हव्यात," ताई म्हणाली. ती वाकून रेघा बघायला लागली.

चिंचोक्यांना जोडणाऱ्या रेघा दहाच होत्या. उरलेल्या पाच, प्रत्येक चिंचोक्यापासून एक, अशा निघून एका ठिकाणी मिळत होत्या. तिथं चिंचोका नव्हता. नुसती फरशी होती. ठिपका काढावा इतक्या नेमक्या त्या तिथं मिळाल्या होत्या. त्या मीच ओढल्या होत्या, माझ्या हाताला खडू होता, पण ओढल्याचं मला आठवत नव्हतं.

ताईनं आवाज खाली आणला. तिला अण्णाचं ठाऊक होतं. "तुझ्या मनात तो आहे. हातानं त्याला धरूनच मोजलं. यात काही नवल नाही."

मलाही ते पटलं. आम्ही पाणी ओतून फरशी धुतली. मग ताईनं पाच रंगांचे खण समजायला सांगितलं. रेघा दहा आल्या. पाच गावं समजायला सांगितली, दहा. पुन्हा घरातली माणसं घेतली. या वेळी मी प्रत्येक रेघ ओढताना मोठ्यानं बोलत होते, कुणापासून कुणापर्यंत ते. दहाव्या रेघेला थांबले. हात उचलला. खडू खाली ठेवला.

फरशीवर पंधरा रेघा होत्या.

ताईनं खडू माझ्याकडून घेतला आणि स्वतः मांडलं. तिचा हात माझ्यासारखा नव्हता. रेघा सरळ, छापल्यासारख्या यायच्या. तिच्याही पंधरा आल्या. तिच्याही पाच रेघा त्याच रिकाम्या जागी जाऊन मिळाल्या. तिच्या कपाळावर घाम आला होता. तो पदरानं टिपून ती म्हणाली, "हं. मग चुकलंय काय आपलं? उत्तर, की उदाहरण?"

तेवढ्यात सोप्यातनं इरम्माआत्याचा आवाज आला. तिला मोतीबिंदूनं फारसं दिसत नव्हतं. "पार्वती, गुरू आला का गं?"

"न्हाय," अव्वा म्हणाली. "आसं का इचारता?"

"आता खांबापाशी बसून उठला की कुणीतरी."

त्या खांबाकडं मी पाहिलं. सोप्याचा आतल्या अंगाचा खांब, अण्णाची बसायची जागा. तिथं कोणी नव्हतं. ताईनं मात्र त्यानंतर शिकवणी खाली अंगणात घ्यायची नाही असं ठरवलं, आणि आम्ही माळवदावर बसायला लागलो.

उन्हाळा सरत आला तेव्हा अमीन आले. निजामाच्या पोलिसातले अधिकारी. सोबत दोन जवान. वयस्क, पांढरी नीट कातरलेली दाढी, बोलायला अदबशीर. दुकानात न बसता ते सरळ सोप्यात आले आणि अप्पांना म्हणाले, "वीरप्पा सेठ, खबर अच्छी नहीं है. तुमचा मुलगा सरहद्दीपार गेलाय म्हणतात."

अप्पा कसंबसं म्हणाले, "न्हाय साहेब, ताप हाय त्येला." अव्वानं भिंत धरली. वैनी स्वयंपाकघराच्या दारात होती. तिच्या हातातलं पीठ मी पाहिलं, मुठीत आवळून घट्ट गोळा झालेलं. एक जवान दुकानाला लावायचं कुलूप हातात खेळवत होता.

मला भीती वाटली नाही असं नाही. पण भीतीहून राग जास्त होता. आमच्याच घरात उभं राहून, आमची माणसं किती ते आम्हाला विचारणार. मी पुढं झाले.

"सगळे इथंच आहेत," मी उर्दूत म्हणाले. "मोजून घ्या."

अप्पांनी माझ्याकडं असं पाहिलं की ते मी अजून विसरले नाही. ती शुद्ध थाप होती, आणि पुढच्या क्षणी ती उघडी पडणार होती. त्या थापेचा मला आजही पश्चात्ताप नाही.

अमीन किंचित हसले. "मोजू की, बेटी." त्यांनी बोट उचललं. "एक," अप्पा. "दो," अव्वा. "तीन," आत्या. "चार," वैनी. "पाँच," मी.

मग बोट खांबाकडं वळलं.

"छह."

अमीन खांबापाशी गेले. रिकाम्या जागेपुढं थांबून म्हणाले, "गुरुलिंग? हात बताओ." बंदूक चालवणाऱ्याच्या हाताला घट्टे पडतात, ते बघायचं असावं. त्यांनी स्वतःचा हात पुढं केला, काहीतरी धरलं, उलटं केलं, अंगठा फिरवला. मी तिथून दोन हातांवर उभी होते. त्यांच्या बोटांत काहीही नव्हतं. त्यांची बोटं मात्र एखादा हात धरल्यासारखी वाकलेली होती आणि मिटत नव्हती.

"बुखार म्हणता, सेठ," ते अप्पांकडं वळून म्हणाले, "ह्याचा हात तर बर्फासारखा आहे. हकिमाला दाखवा." त्यांनी रुमाल काढून बोटं पुसली, नीट, एकेक. मग सलाम करून निघून गेले. कुलूप जवानाच्या हातातच राहिलं.

अप्पा तिथंच खाली बसले. आत्या म्हणाली, "काय झालं? गेले का? गुरूला काय म्हणत होते?"

त्या दिवसापासून अव्वा खांबापाशी ताट ठेवायला लागली. "कोन का आसंना," ती म्हणायची, "माझ्या लेकराच्या जागी हुबा राहिला. आमाला वाचवलं. त्येला उपाशी ठिवू व्हय?" ताट तसंच्या तसं परत यायचं, फक्त भाकरी निवलेली असायची, इतर भाकऱ्यांहून कितीतरी आधी. वैनी त्या बाजूला फिरकत नव्हती. एकदा मला विहिरीवर हळूच म्हणाली, "शांताक्का, बाजारातली माणसं मला इचारत्यात. गुरुलिंग बरा दिसतोय आता, दुकानात बसलेला बघितला म्हनत्यात. मी काय सांगू?"

"सांग की तो नाही."

"मग अप्पास्नी न्हेतील."

हाच पेच होता. खांबापाशी असलेल्याला हो म्हणावं तर अण्णाची जागा जात होती, नाही म्हणावं तर अप्पा. मी चिंचोके घेऊन ताईकडं गेले आणि म्हणाले, मला याचं गणित करून दे.

ताईनं ते थट्टेवारी नेलं नाही. चिंचोके ओंजळीत घेऊन म्हणाली, "अण्णा परत आला की तुम्ही सहा. ते धरून सात. सातांतून सहा निवडायचे, किती प्रकारे?"

मी रेघा न ओढता सांगितलं, "सात."

"का?"

"सहा निवडणं म्हणजे एकाला वगळणं. वगळायला सात जण आहेत."

"बरोबर. आणि कुणाला वगळायचं ते गणित सांगत नाही," ताई म्हणाली. "ते माणसानं ठरवायचं असतं."

"मी ठरवलंय," मी म्हणाले. घरी आल्यावर सोप्यात कोणी नाही असं पाहून मी खांबासमोर उभी राहिले. "अप्पांना वाचवलंस, उपकार झाले," मी म्हणाले. "पण अण्णा आला की तुला जावं लागेल. ही जागा त्याची आहे." खांबामागच्या भिंतीवरून एक पाल सरसरत छपराकडं गेली. बाकी काही झालं नाही. पण आपलं बोलणं कुणीतरी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, असं मला स्पष्ट जाणवलं.

सप्टेंबरात हिंदी फौज आली. सोलापूरच्या रस्त्यानं रणगाडे आले, किल्ल्याच्या बाजूनं दिवसभर आवाज झाले, आणि मग सगळं शांत झालं. माणसं रस्त्यावर येऊन एकमेकांना मिठ्या मारत होती. त्या गर्दीतून अण्णा घरी आला. वाळलेला, दाढी वाढलेली, खांद्याला मळकी पिशवी. अव्वानं त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि सोडला नाही. वैनी दाराआड उभी राहून रडत होती, तो तिच्याकडं बघून हसत होता. तो आमचाच अण्णा होता. त्याचा हात ऊन होता. मी मुद्दाम धरून पाहिला.

जेवताना तो म्हणाला, "महांतप्पा म्हातारा झाला का गं? मी हाक मारली, तर माझ्या अंगावरनं निघून गेला. ओळखच न्हाय."

मग पाणक्यानं त्याला पाणी विचारलं नाही. मग न्हावी त्याला पायरीवर बसलेला सोडून दुकान बंद करून गेला. पहिल्यांदा तो हसला. दोन दिवसांनी हसायचा थांबला. आमच्या पाचांखेरीज गावात त्याला कुणी बघत नव्हतं.

मग झडतीवाले आले. पळालेले निजामाचे रझाकार घरोघर लपलेत, अशी बातमी होती. सोलापूरकडून आलेला एक मुलकी अधिकारी, तरुण, चष्म्याचा, आणि दोन बंदूकधारी शिपाई. त्याच्याकडं जुन्या अमलातले कागद होते.

"वीरप्पा आडते. घरात माणसं सहा," त्यानं वाचलं. "बाहेरचा कोणी ठेवला असेल तर आत्ताच सांगा. मागाहून सापडला तर तुमचीही खैर नाही."

आम्ही सोप्यात उभे होतो. अण्णा माझ्या शेजारी.

त्यानं मोजलं. अप्पा, अव्वा, आत्या, वैनी, मी. मग बोट अण्णावरून तसंच पुढं सरकलं आणि खांबापाशी थांबलं.

"सहा. बरोबर."

"साहेब," अण्णा म्हणाला, "मी गुरुलिंग."

अधिकारी कागदाची घडी करत होता.

"साहेब, मी गुरुलिंग वीरप्पा." त्याचा आवाज चिरकला. असा आवाज मी त्याचा कधी ऐकला नव्हता.

वैनीनं तोंडावर हात दाबला.

मी अण्णाचं मनगट धरलं आणि त्याला ओढत अधिकाऱ्याच्या पुढ्यात, अगदी छातीशी नेऊन उभं केलं. "हा माझा भाऊ," मी ओरडले. "याला मोजा!"

अधिकारी दचकून मागं सरला. त्याला आता अण्णा दिसला होता. त्यानं आधी अण्णाकडं पाहिलं, मग खांबाकडं, मग पुन्हा अण्णाकडं.

"हा सातवा कोण?"

"हाच गुरुलिंग."

"गुरुलिंग तिथं उभा आहे," तो खांबाकडं बोट करून म्हणाला. "शिपाई, याला बाहेर घ्या."

शिपायांनी अण्णाच्या दंडाला धरलं. अव्वा किंचाळली. अप्पा हात जोडत पुढं आले. एकानं त्यांना बंदुकीनं मागं ढकललं.

सातांतून सहा. एकाला वगळायचं.

मी खांबाकडं चालत गेले. जवळ जाताच हवा बदलली, तळघराची असते तशी झाली. पुढचं पाऊल टाकवत नव्हतं. कुणीतरी छातीला छाती लावून अडवत होतं.

"सरक," मी म्हणाले.

काही सरकलं नाही.

"हे घर माझं आहे. सरक."

मी डोळे मिटले नाहीत. तसंच रेटून पाऊल पुढं टाकलं. कानांत बोरीच्या पाण्यासारखा आवाज भरला, थंडीनं दातांवर दात आपटले. आणि मग पाठीला खांब लागला. मी त्याच जागेवर उभी होते.

"आता मोजा," मी म्हणाले.

अधिकाऱ्यानं चष्मा काढून पुसला. पुन्हा घातला. अप्पा, अव्वा, आत्या, वैनी. शिपायांनी धरलेला अण्णा. मग खांब.

"सहाच आहेत," तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "सोडा त्याला."

ते गेले. बाहेरून महांतप्पांचा आवाज आला, "आरं गुरुलिंग! कवा आलास?" अण्णा धावत दारात गेला. अव्वा, अप्पा, वैनी त्याच्यामागं. आत्यासुद्धा भिंत चाचपत गेली.

तेवढ्यात मागच्या दारानं चारूताई आली. धापा टाकत होती. झडतीचं तिला कळलं असावं. तिनं सोप्यात चौफेर नजर टाकली.

"शांता?" तिनं हाक मारली. "शांता कुठं आहे?"

मी तिच्यासमोर उभी होते.

"इथं आहे," मी म्हणाले. तिची नजर माझ्यावरून गेली. मी सगळा जीव एकवटून पुन्हा म्हणाले, "ताई, मी इथं आहे!" तेव्हा कुठं ती थबकली, दिशा चुकल्यासारखी चाचपडत पुढं आली, आणि माझे खांदे हाताला लागल्यावर तिनं मला घट्ट धरलं. त्यानंतर मी मोठ्यानं बोलायला शिकले. पुढं शाळेतल्या मुली म्हणायच्या, बाईंचा आवाज रस्त्यापर्यंत येतो. येऊ दे.

खांबापाशी पुन्हा कुणाला काही जाणवलं नाही. अव्वानं ताट ठेवायचं बंद केलं. मी चिंचोके मांडून सहा माणसांच्या रेघा ओढल्या; पंधराच आल्या, आणि सगळ्या चिंचोक्यांनाच लागलेल्या. ताई म्हणाली, "सुटलं."

पुढच्या वर्षी आम्ही दोघी मॅट्रिकसाठी सोलापूरला गेलो. अण्णा दुकानामुळं नळदुर्गातच राहिला. बीजगणिताच्या पेपरला पर्यवेक्षक बाकाबाकावर प्रश्नपत्रिका ठेवत आले आणि माझं बाक ओलांडून गेले. मी उठले. "माझी राहिली." त्यांनी माझ्या डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं. मग मी सरळ त्यांच्या हातातल्या गठ्ठ्यातून एक ओढून घेतली आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असा माझा नंबर सांगितला. निवडीचं उदाहरण आलं होतं. एकही रेघ न ओढता सोडवलं. उत्तर बरोबर होतं. मी पासही झाले.

पेपर सुटल्यावर फाटकाशी शेजारच्या बाकावरची मुलगी भेटली. अयोध्या नावाची, बार्शीकडची. कुठलं उदाहरण कसं केलं ते आम्ही बोललो. निघताना ती म्हणाली, "तुझ्या बाकाजवळ सारा वेळ उभा होता, तो तुझा भाऊ का? त्याला आत कसं सोडलं?"

"नव्हे," मी म्हणाले. "माझा कोणी नव्हे."

"अगंबाई," ती म्हणाली. "मग तो वर्गातल्या सगळ्यांना बोटांवर काय मोजत होता? आणि दर खेपेला मोजणी तुझ्यापाशी येऊन थांबायची."